अर्धवट मोसमातली एम्स ट्रॉफी : सडबरी वुल्व्ज, २०१९-२०

१२ मार्च २०२० रोजी कोविडच्या साथीमुळे कॅनडातल्या ऑन्टारिओ हॉकी लीगने (ज्युनियर आइस हॉकीची साखळी स्पर्धा) सामने थांबवले, तेव्हा सेंट्रल विभागात सडबरी वुल्व्ज ७० गुणांसह पहिला आणि बॅरी कोल्ट्स ६४ गुणांसह दुसरा होता. दोघांचेही ६३ सामने झाले होते आणि पाच-पाच उरले होते. १८ मार्चला उरलेली साखळी रद्द झाली, २३ मार्चला प्लेऑफही, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्याही, गेले. विभागविजेत्याची एम्स ट्रॉफी सडबरीच्या नावावर लागली. २०००-०१ नंतर या संघाला विभागाचे विजेतेपद पहिल्यांदाच मिळत होते.

त्यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, ७० गुण म्हणजे फारसे काही नाही. शेजारच्या ईस्ट विभागात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांचे गुण त्याहून जास्त होते. दोन, पाच सामने शिल्लक असताना विजेतेपद ठरलेच नव्हते. पहिला आक्षेप अर्धा खरा आहे, दुसरा पूर्ण खरा आहे. तरीही ट्रॉफी सडबरीला देणे योग्यच होते, असे आमचे मत आहे. खरा प्रश्न वेगळाच आहे : विभागविजेत्याला ट्रॉफीबरोबर प्लेऑफमधले जे मानांकन आपोआप मिळते, ते या मोसमात त्याला शोभले असते का?

लीगची रचना

ऑन्टारिओ हॉकी लीग (ओएचएल) ही १६ ते २० वर्षांच्या खेळाडूंची. संघ २०, त्यांतले तीन अमेरिकेतले. दोन कॉन्फरन्स (मोठे गट), प्रत्येकीत दोन विभाग, प्रत्येक विभागात पाच संघ. ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये ईस्ट आणि सेंट्रल, वेस्टर्नमध्ये मिडवेस्ट आणि वेस्ट. साखळीत प्रत्येकाचे ६८ सामने. विजयाला २ गुण, मग तो ६० मिनिटांत मिळो, जादा वेळेत मिळो की शूटआउटमध्ये (जादा वेळेतही बरोबरी सुटली नाही, तर एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर घेतलेल्या संधींवर निकाल). ६० मिनिटांत हरलात तर शून्य. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तर १.

त्यामुळे गुणतक्त्यात चार आकडे ओळीने येतात. सडबरीचे होते ३४-२७-१-१ : ३४ विजय, निर्धारित वेळेत २७ पराभव, जादा वेळेत १, शूटआउटमध्ये १. बेरीज ६३ सामने. गुण ३४ गुणिले २ अधिक १ अधिक १, म्हणजे ७०.

चारही विभागांना स्वतंत्र ट्रॉफी आहे. ईस्टची लेडन, सेंट्रलची एम्स, वेस्टची बम्बाको, मिडवेस्टची होलोडी. लेडन आणि एम्स जुन्या, १९७५-७६ पासूनच्या. तेव्हा लीगमध्ये दोनच विभाग होते आणि त्यांची नावेही लेडन आणि एम्स अशीच होती. १९९४-९५ मध्ये विभागांची फेरमांडणी झाली, तेव्हा एम्स ट्रॉफी सेंट्रलकडे आली आणि वेस्टसाठी बम्बाको ट्रॉफी सुरू झाली. मिडवेस्ट विभाग आणि होलोडी ट्रॉफी १९९८-९९ पासूनची. सगळ्या लीगमध्ये साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाला हॅमिल्टन स्पेक्टेटर ट्रॉफी मिळते आणि प्लेऑफ जिंकणाऱ्याला जे. रॉस रॉबर्टसन कप. नवख्या वाचकाचा घोळ बहुतेक इथेच होतो. विभागाची ट्रॉफी ही लांबलचक साखळीत आपल्या पाच जणांत पहिले आल्याची पावती आहे, लीगच्या अजिंक्यपदाशी तिचा संबंध नाही.

एम्स म्हणजे लेटन 'हॅप' एम्स. बॅरी शहरचा माणूस, एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीग) खेळलेला, पण नाव झाले ते ज्युनियर हॉकीत संघ चालवल्यामुळे. त्याच्या बॅरी फ्लायर्सने १९५१ आणि १९५३ मध्ये, तर नायगरा फॉल्स फ्लायर्सने १९६५ आणि १९६८ मध्ये मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातले ज्युनियर अजिंक्यपद, जिंकला. मधल्या काळात तो एनएचएलमधल्या बॉस्टन ब्रुइन्सचा जनरल मॅनेजर होता आणि १९६६ मध्ये, पुढे विख्यात झालेल्या बॉबी ऑर या बचावपटूचा पहिला करार त्यानेच केला. या प्रकरणाशी त्याचे आणखी एक नाते आहे. नायगरा फॉल्स फ्लायर्स हा संघ १९७२ मध्ये सडबरीला हलला आणि तोच आजचा सडबरी वुल्व्ज. म्हणजे २०२० मध्ये एम्सच्या नावाची ट्रॉफी त्याच्याच जुन्या संघाच्या वारसाकडे आली.

१२ मार्चचा तक्ता

ईस्टर्न कॉन्फरन्समधल्या पहिल्या पाच संघांची स्थिती अशी होती :

| संघ | विभाग | सामने | विजय-पराभव-जादा वेळ-शूटआउट | गुण | गुणांची टक्केवारी |
|---|---|---|---|---|---|
| ऑटवा सिक्स्टी-सेव्हन्स | ईस्ट | ६२ | ५०-११-१-० | १०१ | .८१५ |
| पीटरबरो पीट्स | ईस्ट | ६२ | ३७-२१-२-२ | ७८ | .६२९ |
| ओशावा जनरल्स | ईस्ट | ६२ | ३१-२०-६-५ | ७३ | .५८९ |
| सडबरी वुल्व्ज | सेंट्रल | ६३ | ३४-२७-१-१ | ७० | .५५६ |
| बॅरी कोल्ट्स | सेंट्रल | ६३ | २९-२८-४-२ | ६४ | .५०८ |

शेवटचा रकाना काढायची रीत : मिळालेले गुण भागिले मिळू शकले असते ते जास्तीत जास्त गुण. सडबरीसाठी ७० भागिले १२६. सामन्यांची संख्या सारखी नसेल तर तुलना याच आकड्याने करायची, नुसत्या गुणांनी नाही. मात्र ही विजयांची टक्केवारी नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते. सडबरीने ६३ पैकी ३४ सामने जिंकले, म्हणजे .५४०. बॅरीकडे बघा : .५०८ म्हटल्यावर वाटते की निम्म्याहून जास्त जिंकले असतील. प्रत्यक्षात २९ जिंकले आणि ३४ हरले. जादा वेळेत गेलेल्या सामन्यात दोन संघांत मिळून तीन गुण वाटले जातात, त्यामुळे सगळ्या लीगची सरासरीच .५००च्या वर सरकते. .५०८ वाला संघ सरासरीच्या वर आहे, असे म्हणता येत नाही.

हीच मोजणी ओशावाला लावली की पहिल्या आक्षेपातली हवा बरीचशी निघून जाते. ओशावाचे ७३ गुण सडबरीहून जास्त, पण विजय ३१, म्हणजे सडबरीहून तीन कमी. ओशावा एकूण ३१ सामने हरला. त्यांतले ११ जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये, आणि त्या पराभवांनी त्याला ११ गुण मिळवून दिले. सडबरीला असे गुण अवघे २. बर्फावर जिंकलेले आणि हरलेले सामने मोजले तर सडबरी ३४-२९ आणि ओशावा ३१-३१. 'सडबरी चौथ्या दर्जाचा संघ होता आणि कमकुवत विभागामुळे वर आला' असे जे म्हटले जाते, ते ओशावाच्या बाबतीत टिकत नाही. पीटरबरोच्या बाबतीत मात्र टिकते. ३७-२५ हे सडबरीहून सरळसरळ सरस आहे.

७० गुणांत विभाग का मिळाला

एक वर्ष मागे गेले की चित्र स्पष्ट होते. २०१८-१९ मध्ये सडबरीने ४३-२०-३-२ अशी कामगिरी केली, ९१ गुण मिळवले आणि ट्रॉफी मिळाली नाही. त्या वर्षी नायगरा आइसडॉग्जने ९५ गुणांसह विभाग जिंकला. सडबरीचा फिनिश गोलरक्षक उक्को-पेक्का लुक्कोनेन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तरी संघ विभागात दुसराच राहिला. पुढच्या वर्षी २१ गुण कमी, पण ट्रॉफी हाती.

ज्युनियर हॉकीत हे वारंवार घडते, कारण संघाचे आयुष्य तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात फिरते. खेळाडू वयाने बाहेर पडतात, विसाव्या वर्षीचे फक्त तीन ठेवता येतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला अदलाबदलीची मुदत संपायच्या आत प्रत्येक व्यवस्थापकाला ठरवावे लागते : या वर्षी जिंकायचे की पुढची बांधणी करायची. जानेवारी २०२० मध्ये नायगराने बांधणीचा रस्ता धरला. अकील थॉमस पीटरबरोला गेला, फिलिप टोमासिनो ओशावाला. नीट पाहा, सेंट्रलचा गतविजेता आपले दोन अव्वल आक्रमक ईस्टमधल्या दोन संघांना देतो, आणि तेच दोन संघ गुणांत सडबरीच्या पुढे आहेत. दोन विभागांतली दरी नुसत्या नशिबाची नव्हती. तिचा काही भाग एकाच महिन्यातल्या व्यवहारांनी खोदला गेला.

सडबरीने त्या वेळी बांधणी केली नाही, कारण हाताशी क्विंटन बायफिल्ड होता. ओएचएलचे संघ नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात, त्या २०१८ च्या प्रक्रियेत पहिल्या क्रमांकाने घेतलेला हा सेंटर (मधला आक्रमक) २०१९-२० मध्ये ४५ सामन्यांत ३२ गोल आणि ५० असिस्ट (गोलला साहाय्य), एकूण ८२ गुण करून गेला. (हे खेळाडूचे वैयक्तिक गुण, गुणतक्त्यातल्या संघाच्या गुणांशी त्यांचा संबंध नाही.) संघाच्या ६३ सामन्यांपैकी १८ मध्ये तो नव्हता, डिसेंबर-जानेवारीत तो कॅनडाच्या संघातून जागतिक ज्युनियर स्पर्धेत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉस एंजेलिस किंग्जने त्याला एनएचएलच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाने घेतले. एवढ्या ताकदीचा खेळाडू इतके सामने बाहेर असूनही विभागात सहा गुणांची आघाडी राखली, ही गोष्ट सडबरीच्या खात्यात जमा करायला हवी.

विजेतेपद ठरले होते का

नव्हते. गणित सोपे आहे आणि ते करूनच बोलावे.

पाठलाग करणाऱ्याचे कमाल गुण काढा : बॅरीचे ६४ अधिक पाच सामन्यांचे १०, म्हणजे ७४. त्यातून आघाडीवरच्याचे आताचे गुण वजा करा : ७४ वजा ७० बरोबर ४. यात १ मिळवा, ५ येतात. सडबरीने मिळवलेले गुण आणि बॅरीने गमावलेले गुण यांची बेरीज ५ झाली की विभाग पक्का. बेरीज ४ वरच थांबली तर दोघे बरोबरीत आणि निकाल बरोबरी सोडवायच्या निकषांवर. दोघांत समोरासमोर सामना असेल तर तो दुहेरी मोजला जातो : सडबरीने तो ६० मिनिटांत जिंकला तर स्वतःचे २ आणि बॅरीचे गेलेले २, एकदम ४.

पाच सामन्यांत असे ५ गुण जुळणे अवघड नव्हते. बॅरीने पाचपैकी पाच जिंकले तरच सडबरीला स्वतः ५ मिळवावे लागले असते. बॅरीने दोन सामने निर्धारित वेळेत गमावले असते तर सडबरीला एकच गुण पुरला असता. पारडे सडबरीकडे चांगलेच झुकले होते. पण झुकणे आणि ठरणे यांत फरक आहे.

हीच रीत बाकीच्या तीन विभागांना लावून पाहिली. ईस्टमध्ये पीटरबरो जास्तीत जास्त ९० पर्यंत जाऊ शकत होता आणि ऑटवा आधीच १०१ वर होता, म्हणजे तिथे प्रश्नच नव्हता. मिडवेस्टमध्ये लंडन नाइट्स (ऑन्टारिओतले लंडन) ९२ वर होता आणि किचनर रेंजर्स ८७ वर. किचनरचे पाच सामने बाकी, कमाल ९७. वेस्टमध्ये सॅगिनॉ स्पिरिट ८७ वर आणि फ्लिंट फायरबर्ड्स ८२ वर. फ्लिंटचेही पाच बाकी, कमाल ९२. या दोन्ही ठिकाणी हवी असलेली बेरीज ६ येते, सडबरीपेक्षा एकाने जास्त.

म्हणजे चार ट्रॉफींपैकी गणिताने पक्की फक्त लेडन. एकट्या सडबरीकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. लंडन आणि सॅगिनॉ यांची आघाडी त्याच्याहून निसरडी होती. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ९२ आणि ८७ हे आकडे विजेत्याला शोभणारे दिसतात. गुणांचा मोठेपणा आणि आघाडीचा पक्केपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वादात त्या सतत एकमेकींत मिसळतात.

पश्चिमेकडच्या डब्ल्यूएचएलमध्ये (वेस्टर्न हॉकी लीग, तीही ज्युनियरच) प्रकरण याहून घासून गेले. यूएस विभागात पोर्टलंड विंटरहॉक्स ४५-११-३-४ अशा कामगिरीने ९७ गुणांवर, तर एव्हरेट सिल्व्हरटिप्स ४६-१३-३-१ असा ९६ वर. दोघांचे ६३ सामने. एव्हरेटचा एक विजय जास्त, पोर्टलंडचे हरूनही मिळालेले गुण तीन जास्त. एका गुणाने विभाग पोर्टलंडकडे आणि त्याबरोबर साखळीतल्या अव्वल संघाची स्कॉटी मन्रो ट्रॉफीही. सडबरीची सहा गुणांची आघाडी याच्यापुढे भक्कमच म्हणायची.

ट्रॉफी आणि मानांकन वेगळे करा

ओएचएलमध्ये प्रत्येक कॉन्फरन्समधले आठ संघ प्लेऑफला जातात. दोन विभागविजेत्यांना पहिले आणि दुसरे मानांकन मिळते, उरलेले सहा गुणांनुसार लागतात. त्या दिवशीच्या तक्त्यावरच प्लेऑफ झाले असते, तर ईस्टर्नमध्ये ऑटवा पहिला, ७० गुणांचा सडबरी दुसरा, ७८ चा पीटरबरो तिसरा आणि ७३ चा ओशावा चौथा.

फायदा कागदी नाही. दुसऱ्या मानांकनाला पहिल्या फेरीत सातवा संघ मिळतो, चौथ्याला पाचवा. शिवाय दुसरा आणि तिसरा पुढच्या फेरीत भेटले, तर सातपैकी चार सामने घरी खेळण्याचा हक्क दुसऱ्याचा. सडबरी एरिना १९५१ पासूनचे, जुन्या घडणीचे. सडबरीने गोल केला की छतालगतच्या तारेवरून पेंढा भरलेला लांडगा पुढे सरकत येतो आणि पाहुण्यांच्या बाकाकडे तोंड करून आरोळी ठोकतो. निर्णायक सातवा सामना तिथे खेळायचा की पीटरबरोला, यात फरक पडतो. त्यात उत्तर ऑन्टारिओतले अंतर आहेच : टोरंटोपासून सडबरी रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर, हिवाळ्यात बसचा प्रवास सहज पाच तासांच्या घरात.

विभागविजेत्याला झुकते माप देण्यामागे कारण आहे. साखळीतले बरेचसे सामने आपल्याच विभागात होतात, त्यामुळे दोन विभागांतल्या संघांचे गुण एकाच तराजूत घालणे पूर्ण बरोबर नसते. पण हाच तर्क दुसऱ्या बाजूने सडबरीच्या विरुद्ध जातो. सेंट्रलमध्ये नायगरा खेळाडू देऊन बसलेला, नॉर्थ बे बटालियन तळाला. सडबरीचे ७० गुण अशा शेजाऱ्यांशी वारंवार खेळून झालेले, तर पीटरबरोचे ७८ हे ५० सामने जिंकणाऱ्या ऑटवाच्या शेजारी राहून. आठ गुणांची दरी कागदावर दिसते त्याहून मोठी होती, असे आमचे म्हणणे आहे. पूर्ण ६८ सामन्यांनंतर सडबरी दुसऱ्या मानांकनावर आला असता तर नियम म्हणून ते मान्य करायला हरकत नव्हती, कारण सगळे त्याच अटीवर मोसमात उतरले होते. अर्धवट तक्त्यावर, न ठरलेल्या विजेतेपदाच्या जोरावर तसे झाले असते तर पीटरबरोचे खरे नुकसान झाले असते. प्लेऑफ रद्द झाल्यामुळे हा प्रसंग आला नाही, एवढेच.

ट्रॉफीमुळे मात्र कोणाचे नुकसान झाले नाही. बॅरीला ती मिळण्याची शक्यता थोडी होती, सडबरीचा हक्क बराच मोठा होता, आणि कोणालाच न देणे म्हणजे सप्टेंबरपासून खेळलेले ६३ सामने पुसून टाकणे. ट्रॉफी द्यावी, मानांकन गुणांच्या टक्केवारीवर लावावे, हा तोडगा अशा मोसमासाठी योग्य ठरला असता.

नियमावलीत आधीच लिहून ठेवायच्या गोष्टी

कोणतीही विभागवार साखळी चालवणाऱ्यांना, खेळ कुठलाही असो, या प्रकरणातून चार-पाच कलमे थेट उचलता येतील. मोसम मध्येच थांबला तर विजेता जाहीर करायला किमान किती सामने झालेले हवेत, ते आकड्यात लिहावे. ६८ पैकी ६३ म्हणजे ९२ टक्क्यांहून अधिक, तिथे शंका घेणारे थोडे, पण ४० वर थांबले असते तर काय? सामने असमान झाले तर क्रम गुणांच्या टक्केवारीने, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत. बरोबरी झाल्यास निकषांचा क्रम मोसमाआधी छापलेला हवा आणि त्यात एकूण विजय की फक्त निर्धारित व जादा वेळेतले विजय, हे स्पष्ट हवे; पोर्टलंड-एव्हरेटसारख्या ठिकाणी त्यानेच निकाल फिरू शकतो. आणि विजेतेपदाला जोडलेले इतर हक्क, म्हणजे मानांकन किंवा वरच्या स्पर्धेतला प्रवेश, अर्धवट मोसमात आपोआप लागू होणार की नाही, हे वेगळ्या कलमात.

नोंदीबद्दलही एक आग्रह आहे. विजेत्यांच्या यादीत २०१९-२० समोर नुसते 'सडबरी वुल्व्ज' लिहिण्याऐवजी सामने ६३, गुण ७० आणि 'मोसम अपूर्ण' एवढे लिहावे. त्याने सडबरीचा मान कमी होत नाही. उलट वीस वर्षांनी यादी चाळणाऱ्याला ७० हा आकडा कशामुळे आला ते कळते. ऑटवाच्या ओळीला तर त्याची जास्तच गरज आहे : ६२ सामन्यांत ५० विजय मिळवलेल्या त्या संघाच्या नावापुढे लेडन आणि हॅमिल्टन स्पेक्टेटर या दोनच ट्रॉफी दिसतात, आणि पुढचे प्लेऑफ ते हरले नाहीत, ते झालेच नाहीत, हे कुठेतरी नोंदलेले हवे.

२०२०-२१ चा ओएचएल मोसम सुरूच झाला नाही. एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्या वर्षी एम्स ट्रॉफी कोणालाच मिळाली नाही, आणि सेंट्रल विभागातले पाच संघ २०२१-२२ मध्ये पुन्हा ६८ सामन्यांच्या साखळीत उतरले, तेव्हा बायफिल्ड किंग्जच्या गोटात पोहोचला होता.